घरातल्या ज्येष्ठांचं पडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात लोकांच्या घरी जाऊन ज्येष्ठांकडून व्यायाम करून घेते. खुब्याच्या ऑपरेशननंतर बोलावणारे पुष्कळ. पडण्याआधी बोलावणारे बोटांवर मोजण्याइतके. खालचे प्रश्न त्या घरांमधलेच आहेत. बहुतेक मुला-सुनांनी विचारलेले, काही खुद्द आजी-आजोबांनी. औषधांबद्दल जे लिहिलं आहे ते डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून. त्यावरून परस्पर गोळ्या बंद करू नका.

आई परवा बाथरूममध्ये पडली, पण कुठे लागलं नाही. तरी डॉक्टरांना दाखवायचं का?

दाखवायचं. एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून लागलं नसलं तरी ती कशामुळे पडली, हे शोधायला हवं. दवाखान्यात "पाय घसरला" एवढंच सांगून उठू नका. पडण्याआधी ती काय करत होती? नुकतीच झोपेतून उठली होती का? डोळ्यांपुढे अंधारी आली का? जमिनीवर आपटेपर्यंतचं सगळं आठवतंय, की मधला तुकडा गायब आहे? हे विचारून एका कागदावर लिहून न्या. मधला तुकडा गायब असेल तर क्षणभर शुद्ध हरपलेली असू शकते, आणि मग ईसीजीपासून तपासण्या सुरू होतात. "घसरले" या एका शब्दाने त्या राहून जातात.

आणखी एक गोष्ट. ही पिढी पडलेलं लपवते. कोपरावरचा निळा डाग सुनेला दिसतो, तेव्हा आठवड्यापूर्वीची हकीकत बाहेर येते. "पडलीस का?" असं विचारलं की उत्तर "छे!" असंच येतं. त्यापेक्षा "अलीकडे कधी तोल गेला का, भिंत धरावी लागली का?" असं विचारून पाहा.

वय झालं की माणूस पडणारच ना?

पासष्टीपुढच्या साधारण तीनातला एक माणूस वर्षातून एकदा तरी पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पण याच आकड्याची दुसरी बाजू पाहा: तीनातले दोघं पडत नाहीत. वय त्यांचंही तेवढंच असतं.

पडण्यामागे एकच कारण क्वचित असतं. मी गेले होते त्या एका घरातले आजोबा रात्री अडीच वाजता लघवीला उठले आणि बेडरूमच्या दारात पडले. घरच्यांनी दोष दिला पायपुसण्याला. पायपुसणं होतंच, पण नीट विचारल्यावर यादी लांबली. प्रोस्टेटची गोळी आणि झोपेची गोळी दोन्ही रात्रीच घेतलेल्या. आजींची झोपमोड नको म्हणून दिवा लावलेला नाही. चष्मा टीव्हीजवळ राहिलेला. गुडघा दुखतो म्हणून दोन महिने बाहेर पडलेले नाहीत, त्यामुळे मांड्यांतली ताकद गेलेली. पायपुसणं फक्त शेवटी आलं.

कोणत्या गोळ्यांमुळे तोल जातो?

मी नव्या घरी गेले की आधी औषधांचा डबा मागते. झोपेच्या आणि "मन शांत राहण्याच्या" गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, सर्वांत आधी बघते. अनेकांना त्या कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेल्या असतात आणि औषधवाल्याकडून त्या दहा वर्षं आणल्या जातात. त्यांचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळतो. या गोळ्या एकदम बंद केल्या तर वेगळाच त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवायच्या.

त्यानंतर रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः दोन-तीन एकत्र असतील तर. लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिन. नसांच्या दुखण्यावरची अमिट्रिप्टिलिन, प्रेगाबालिन. सर्दी-खाजेच्या साध्या वाटणाऱ्या गोळ्यासुद्धा, कारण त्यांनी गुंगी येते. आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या. एकादशीला आजी दिवसभर साबुदाण्याच्या वाटीभर खिचडीवर राहतात आणि साखरेची गोळी मात्र न चुकता घेतात. दुपारी घाम फुटतो, हात कापतात, पाय लटपटतात. उपवास करू नका असं मी सांगत नाही, सांगून कोण ऐकतं? पण उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

रक्तातलं सोडियम कमी होणं हाही एक छुपा प्रकार आहे. लघवीच्या काही गोळ्या, त्यावर "बीपी आहे" म्हणून मीठ जवळजवळ बंद. माणूस सुस्त होतो, बोलताना अडखळतो, चालताना झोकांड्या खातो. घरच्यांना वाटतं, म्हातारपण आलं. साध्या रक्ततपासणीत ते सापडतं.

वर्षातून एकदा सगळ्या पाकिटांची पिशवी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसकट, एकाच डॉक्टरांपुढे रिकामी करा आणि विचारा: यातलं आता काय नको?

उठल्यावर चक्कर येते, पण बीपी तपासलं की नॉर्मल. असं कसं?

कारण बीपी बसवून तपासलं. घरी यंत्र असेल तर असं करा: पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा. मग उभं करा आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं करताना कुणीतरी शेजारी हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. पलंगावरून उठताना आधी कडेला बसायचं, पायांचे पंजे दहा-वीस वेळा वर-खाली करायचे, मग उभं राहायचं आणि उभ्या जागी क्षणभर थांबून पहिलं पाऊल टाकायचं. बाहेर कुरिअरवाला बेल वाजवत असला तरी.

कुशीवर वळताना किंवा मान वर करताना खोली गरगर फिरते असं सांगत असतील, तर ते दुखणं बहुधा कानाचं असतं. त्यावर डोकं ठरावीक पद्धतीने फिरवण्याचा उपाय आहे, तो कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करून घ्यावा. वर्षानुवर्षं चक्करीच्या गोळ्या घेत बसू नये.

बाथरूममध्ये नेमकं काय बदलायचं?

इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण लोक चुकीच्या जागी खर्च करतात.

सगळ्यात आधी पाणी. आपल्याकडे आंघोळ आणि संडास एकाच ओल्या खोलीत असतात, बादली-तांब्याने पाणी सगळीकडे उडतं. आंघोळ झाली की वायपरने पाणी ओढून घ्यायचं, आणि हे काम आजींचं नाही. साबणाचं आणि तेलाचं पाणी आणखी वाईट. दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नान होतं, एकामागून एक पाच माणसं तेल-उटणं लावून न्हातात आणि मग आजोबा शिरतात. त्या दिवशी आजोबांची आंघोळ पहिली ठेवा. मान त्यांचाच आहे, शिवाय फरशीही कोरडी असते.

आंघोळ बसून करायची. प्लास्टिकचं हलकं स्टूल नको, ते सरकतं. पाटही नको, त्यावरून उठता येत नाही. चार पायांना रबरी बूच असलेली, गुडघ्याच्या उंचीची पक्की खुर्ची हवी. बादली जमिनीवर ठेवली तर वाकून तोल जातो, म्हणून ती उलट्या पाटावर किंवा ठोकळ्यावर उंच करा. साबण आणि टॉवेल बसल्या जागी हाताला लागले पाहिजेत.

मग आधाराचे दांडे. टॉवेल अडकवायचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही. घसरणारा माणूस हाताला लागेल ते धरतो आणि दांड्यासकट खाली येतो. काचेवर चिकटणारे रबरी चकतीचे दांडेही नकोत. स्टीलचा, सव्वा ते दीड इंच जाडीचा दांडा भिंतीत भोकं पाडून फास्टनरने बसवून घ्या. मागे विटांची भिंत आहे की पोकळ पॅनेल, हे प्लंबरला आधी पाहायला सांगा. जागा ठरवायला मोजपट्टीपेक्षा माणूस बरा: आजींना कमोडवर बसवा, उठायला सांगा, हात आपोआप जिथे जातो तिथे खडूने खूण करा. एक दांडा कमोडशेजारी, एक आंघोळीच्या जागी, एक दाराशी.

दाराची आतली कडी काढा किंवा बाहेरून उघडता येईल असं कुलूप लावा. आत माणूस पडलेला आणि दार आतून बंद, सुतार येईपर्यंत पाऊण तास, असं मी पाहिलं आहे. दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसालाच ते अडतं. जमल्यास बाहेर उघडणारं किंवा सरकतं करून घ्या.

फरशी बदलायचीच असेल तर चकचकीत नको, खरबरीत घ्या. नाही जमलं तर घसरण रोखणाऱ्या चिकटपट्ट्या मिळतात. रबरी मॅट टाकली तर तिच्याखाली शेवाळ धरतं, तेव्हा ती रोज उभी करून वाळवा.

आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे आणि बाबांना कमोड नको.

उकिडवं बसून उठता येत असेल आणि भिंतीला पक्का दांडा असेल, तर घाई नको. उठताना दाराचं हँडल किंवा नळ धरून ओढून घ्यावं लागत असेल, तर मात्र वेळ आली. तोडफोड न करता वर ठेवायची कमोड-खुर्ची मिळते. ज्यांच्याकडे कमोड आहे पण ठेंगणा वाटतो, त्यांच्यासाठी सीटवर बसणारं उंचवट्याचं कडं असतं.

बाकीच्या घरात धोका कुठे असतो?

पलंगापासून संडासापर्यंतची वाट सर्वांत महत्त्वाची. या वाटेवर रात्रभर मंद दिवा हवा. हालचालीने लागणारे छोटे दिवे चारशे-पाचशे रुपयांच्या आत मिळतात. पलंगाची उंची अशी हवी की कडेला बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. हल्लीचे सामान भरायचे पेटीपलंग आणि त्यावर जाड गादी, यावर बुटक्या आजींचे पाय लोंबकळतात.

सुटी पायपुसणी, कडा वळलेल्या सतरंज्या, फोनच्या चार्जरची वायर, नातवाची गाडी. हे सगळ्यांना ठाऊक असतं. सहसा सुटतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत. उंबरा फरशीच्याच रंगाचा असेल तर दिसत नाही; त्यावर पिवळी पट्टी लावा. रांगोळीची पूड आणि अंगाला लावायची पावडर गुळगुळीत फरशीवर सांडली की पाय सटकतो. देवघर खाली असेल तर पूजेनंतर समईचं तेल आणि अभिषेकाचं पाणी तिथेच पडलेलं असतं. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढणं हा तर आजोबांचा हक्कच; तो डबाच खाली आणून ठेवा. रोजच्या वस्तू कंबर ते खांदा या उंचीत असाव्यात.

कपड्यांकडेही बघा. पायघोळ गाऊन जिन्यावर पायात येतो, लेंग्याची नाडी लोंबते. नऊवारीवाल्या आजी या बाबतीत बऱ्या असतात.

कोकणातल्या घरांचं गणित वेगळं. जांभ्या दगडाच्या पायऱ्या जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या असतात, संडास मागच्या दारी, विहिरीचा काठ ओला, त्यात वीज गेलेली. तिथे कठड्याला बांबू का होईना, पण पक्का आधार हवा. पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासणं आठवड्याला व्हायला हवं, आणि उशाशी बॅटरी. रात्रीपुरतं खोलीत कमोड-खुर्ची किंवा लघवीचं भांडं ठेवण्यात कमीपणा नाही.

घरात चप्पल घालू द्यायची?

हा वाद देवघरापर्यंत जातो. अनवाणी चालणं कोरड्या फरशीवर तसं ठीक, पण मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली असेल तर पायात काहीतरी हवंच. मागे पट्टा नसलेल्या स्लीपर आणि झिजलेल्या हवाई चपला वाईट. नुसते पायमोजे घालून टाइल्सवर चालणं त्याहून वाईट. घरापुरती वेगळी, मागे पट्टा असलेली, पातळ आणि खाचांच्या तळाची सॅंडल घ्या. देवापुढे काढायची असेल तर शेजारी खुर्ची ठेवा, म्हणजे एका पायावर उभं राहून काढावी लागणार नाही.

चष्म्याचा काही संबंध?

मोठा. वर लांबचं, खाली जवळचं अशा चष्म्यातून पायरीकडे पाहिलं की पायरी वाचायच्या भिंगातून धूसर दिसते. जिना उतरताना आणि बाहेर फिरताना फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा बरा. मोतीबिंदू "पिकू द्या" असं म्हणून थांबायचे दिवस गेले. डॉक्टर काढायला तयार असतील तर काढून घ्या.

बाबा रोज अर्धा तास चालतात. तेवढं पुरे ना?

पुरे नाही. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलं, पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं दिसलेलं नाही. पडणं कमी होतं ते तोल सांभाळण्याच्या आणि पायांच्या ताकदीच्या व्यायामाने. २०१९ साली २५ देशांमधल्या १०८ चाचण्या एकत्र तपासणारा, कॉक्रेन या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा आढावा प्रसिद्ध झाला. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांमध्ये व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालेलं त्यात दिसलं. त्यातही तोल आणि रोजच्या हालचालींवर भर देणारे व्यायाम सरस ठरले. ज्येष्ठांनी असे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

घरी मी करून घेते ते एवढंच. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, दहा वेळा. उठण्यापेक्षा बसताना सावकाश. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, मग चवडे उचलणं. ओटा धरून आडवं चालणं, खेकड्यासारखं. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा टेकवून रेषेवर चालणं, शेजारी भिंत ठेवून. पायरीवर एक पाय चढवणं-उतरवणं. एका पायावर उभं राहणं, आधी दोन्ही हात ओट्यावर, काही आठवड्यांनी एक हात, मग दोन बोटं. शेजारी आधार नसेल तर यातलं काहीच करायचं नाही.

व्यायाम थोडा कठीण वाटलाच पाहिजे. सोसायटीच्या बागेत खुर्चीवर बसून हात हलवणं आणि टाळ्या वाजवणं यात गंमत आहे, गप्पा आहेत, जरूर जा. पण बसल्या जागी तोल सुधारत नाही. आणि हे तीन महिने करून सोडून द्यायचं काम नाही, सोडलं की फायदा ओसरतो.

ज्यांना अजून मांडी घालून जमिनीवर बसता येतं त्यांनी ती सवय मोडू नये. जमिनीवरून उठता येणं ही मोठी कमाई आहे. गुडघे बदललेल्यांनी मात्र आपल्या सर्जनना विचारावं.

घरच्या घरी धोका ओळखता येतो का?

तीन साध्या चाचण्या आहेत, कुणीतरी शेजारी उभं राहून करायच्या.

खुर्चीपासून तीन मीटरवर खूण करा. उठून तिथवर नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. दुसरी: हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं? ७५ ते ७९ वयाच्या पुरुषांना ११ आणि स्त्रियांना १० वेळा जमलं पाहिजे. तिसरी: एका पावलापुढे दुसरं, टाच अंगठ्याला टेकवून, १० सेकंद उभं राहणं.

आकड्यांइतकंच मी वळण पाहते. वळताना आठ-दहा छोटी पावलं टाकावी लागतात का? चालताना प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला थांबतात का? थांबत असतील तर चालण्यातच सगळं लक्ष खर्च होतंय.

काठी घ्यायला तयार नाहीत. आणि घेतलीच तर कोणत्या हातात?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे. पुष्कळ जण उलट धरतात. उंची: सरळ उभं राहून हात मोकळा सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ. आजोबांची जुनी शिसवी काठी कितीही देखणी असली तरी तिच्या टोकाला रबरी बूच नसेल तर ती भिंतीवरच शोभते. बूच झिजतं, ते वेळेवर बदला.

तयार नसतील तर "काठी" म्हणू नका. मी एका निवृत्त मास्तरांना ट्रेकिंगची काठी दिली. ती घेऊन ते पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागले. घरात चारपायी वॉकर वापरणाऱ्यांचे उंबरे आधी बघा, वॉकर तिथेच अडतो.

कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी सुरू करू का?

तपासणीत डी कमी आलं, तर डॉक्टर सांगतील तेवढंच. कमतरता नसताना या गोळ्यांनी पडणं टळत नाही. जास्त डोस तर उलटतोही: ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिलं, तेव्हा त्या जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली, तो अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे ६०,००० युनिटची पाकिटं काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली असतात आणि लोक ती वर्षभर घेतात. कुणी चुकून रोज घेतं.

हाडं ठिसूळ आहेत का, हे डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेत, कळतं. साध्या पडण्याने मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल, तर प्लास्टर निघालं की विषय संपत नाही. हाडांच्या औषधाबद्दल स्वतःहून विचारा. आणि जेवणात डाळ, दही-ताक, अंडी चालत असतील तर अंडी. चहा-बिस्किटावर रात्र काढणाऱ्या माणसाच्या मांड्यांत ताकद कुठून येणार?

पडल्यावर लगेच उठवायचं का?

नाही. काखेत हात घालून ओढून उठवणं ही सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया असते, आणि तीच चुकते. आधी शेजारी बसा. बोलतायत का, कुठे दुखतंय, हातपाय हलतायत का, ते बघा. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कललं असेल, तर खुबा मोडलेला असू शकतो. हलवू नका, १०८ ला फोन करा. मान-पाठ दुखत असेल तरीही तसंच. तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, एका बाजूची ताकद गेली असेल, तर तो पक्षाघात असू शकतो. शेवटचं नीट कधी होते ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर तीच पहिली विचारतात.

तेल लावून चोळणं, हाडवैद्याकडून ओढून बसवणं, दोन्ही एक्स-रे होईपर्यंत नाही. आणि खुबा मोडूनही काही माणसं लंगडत चालतात, म्हणून "चालता येतंय म्हणजे मोडलं नाही" हेही खरं नाही.

डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बाहेरून खोक नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय. ज्येष्ठांमध्ये डोक्यात रक्त हळूहळू साचू शकतं. तीन-चार आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागतो, सारखा झोपतो, चाल बदलते, आणि तोवर घरचे ते पडणं विसरलेले असतात.

मी एकटीच राहते. पडले आणि उठता आलं नाही तर?

(हा प्रश्न ८१ वर्षांच्या आजींचा आहे.)

घाबरून धडपडू नका. मिनिटभर पडून राहा, काय दुखतंय ते बघा. ठीक वाटलं तर कुशीवर वळा, कोपरावर रेटा द्या, मग रांगण्याच्या स्थितीत या. रांगत पक्क्या खुर्चीपाशी जा, दोन्ही हात बैठकीवर टेका, चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवा, जोर देऊन उठा आणि वळून बसा. हे आजच, कुणी सोबत असताना, गादीवर दोनदा करून बघा. पहिल्यांदा पडल्यावर शिकायला जमत नाही.

उठता आलं नाही तर ऊब महत्त्वाची. हाताला लागेल ती चादर, साडी ओढून घ्या, अधूनमधून कूस बदला, हातपाय हलवत राहा. तासन्‌तास एका जागी पडून राहिल्याने स्नायूंना आणि मूत्रपिंडांना इजा होते. फोन गळ्यातल्या पिशवीत ठेवा. टेबलावरचा फोन जमिनीवरून दिसतो, हाती लागत नाही. शेजारी एक किल्ली द्या. आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी कुणाला तरी एक संदेश. आजींनी आता दुधवाल्याशी ठरवलंय: पिशवी आठपर्यंत आत गेली नसेल तर त्याने बेल वाजवायची.

मी अमेरिकेत आहे, आई-बाबा कोथरूडमध्ये. इथून काय करू शकते?

कॅमेरे बसवण्याआधी दांडे बसवा. सुट्टीवर याल तेव्हा पहिल्याच दिवशी रात्रीचा दिवा, बाथरूम आणि औषधांचा डबा पाहा. लग्नाच्या आमंत्रणांत हे राहून जातं. पडल्याचं ओळखणारी घड्याळं मिळतात, पण ती चार्ज केलेली आणि हातात असायला हवीत. बाथरूममध्ये जाताना लोक ती काढूनच ठेवतात. तिथे कुणाला फोन लावायचा, अशी दोन माणसं इमारतीतली हवीत, नात्यातली लांबची नकोत.

आई-बाबा तुमच्याकडे सहा महिन्यांसाठी येणार असतील तर तिथलं बाथटब बघा. काठ ओलांडून आत पाय टाकायची त्यांना सवय नसते. कडेवर ठेवायचं बाकडं आणि पक्का दांडा आधीच बसवून ठेवा.

सासूबाई ८४ वर्षांच्या. खुबा मोडला. या वयात ऑपरेशन करायचं?

बहुतेकांच्या बाबतीत हो, आणि शक्य तितक्या लवकर, साधारण दोन दिवसांच्या आत. न करता अंथरुणावर ठेवलं तर न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताच्या गाठी हे ओळीने येतं. ऑपरेशनचा हेतू दुखणं थांबवणं आणि दुसऱ्या दिवशी उभं करणं हा असतो. "आराम करू द्या" म्हणणाऱ्या नातेवाइकांना भेटायला येताना शहाळं आणायला सांगा, सल्ला नको.

खर्चासाठी: ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या या तरतुदीत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, मात्र योजनेत असलेल्या रुग्णालयातच. काठी, वॉकर, कमोड-खुर्ची अशा वस्तूंसाठी महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांपुढच्या, कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात मिळतात. माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

आईला स्मृतिभ्रंश आहे. सांगितलेलं पाच मिनिटांत विसरते.

मग सांगण्यावर विसंबू नका, घरच तसं करा. संडासाचं दार उघडं आणि आत दिवा लावलेला ठेवा; दिसलं की तिकडे जाते. फर्निचर हलवू नका. ती अस्वस्थ होऊन उठत असेल तर बहुधा लघवी, भूक किंवा दुखणं असतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी स्वतःहून घेऊन जा. खुर्चीला बांधून ठेवू नका. बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं आणि जास्त वाईट पडतं.

पडल्यापासून बाबांनी धास्ती घेतली आहे. खोलीबाहेर येत नाहीत. आम्हीही म्हणतो, नकोच.

"तुम्ही उठू नका, मी आणून देतो," हे वाक्य मी प्रत्येक घरात ऐकते, आणि ते प्रेमानेच म्हटलेलं असतं. तीन आठवडे पाण्याचा तांब्याही हातात मिळाला की मांड्या बारीक होतात, उभं राहिल्यावर पाय थरथरतात, आणि भीती खरी ठरते.

पुन्हा सुरुवात अगदी छोट्या गोष्टीपासून करा. मागे नको, शेजारी चाला; हात तुम्ही धरू नका, त्यांना तुमचा हात धरू द्या. पहिला आठवडा पलंग ते खिडकी. दुसरा, जेवायला टेबलापर्यंत. मग पेपर आणायला दारापर्यंत. एका आजोबांना आम्ही व्यायाम म्हणून काही सांगितलंच नाही. तुळशीला पाणी घालायचं काम परत त्यांच्याकडे दिलं. कुंडी गॅलरीच्या कठड्याजवळ सरकवली, तांब्याऐवजी अर्धी भरलेली बाटली दिली आणि सांडलेलं पुसायला सुनेने फडकं कठड्यावरच टांगलं.